कुलूप सुस्थितीत

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या घरी चोरी झाली. घर म्हणजे काही वाडाबिडा नव्हे. पुढे पडवी, मध्ये चिमुकले राजांगण, मागे परसू. आई माझ्याकडे पणजीला राहायला आल्यापासून ते बंदच असते. चवथीच्या आधी झाडलोट करावी म्हणून गेलो, तर दार सताड उघडे. देवघरातल्या दोन समया, एक तांब्याचे घंगाळ आणि आईच्या लग्नातली थोडी पितळी भांडी एवढे गेले होते. पैशांत मोजाल तर फार नाही. पण त्या समया आजीच्या माहेराहून आलेल्या, आणि चवथीला त्याच लागायच्या. आईला सांगायला मला दोन दिवस धीर झाला नाही.

हवालदार आले, पंचनामा झाला. मी पडलो कारकून माणूस, कागद वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही. पंचनामा इंग्रजीत होता, त्यातल्या एका वाक्याचा अर्थ असा, की दाराला लावलेले कुलूप बंद व सुस्थितीत आढळले. आणि ते अक्षरशः खरे होते! कोयंडा चौकटीतून स्क्रूंसकट उपटून निघाला होता आणि कुलूप त्याला तसेच लटकत होते. दोन वर्षांपूर्वी म्हापशाच्या बाजारातून मीच ते आणले होते. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले, सात लिव्हर, तारेने उघडणार नाही, करवतीने कापले जाणार नाही. त्यातला एकही दावा खोटा ठरला नव्हता. कोणी तार घातली नव्हती, कोणी करवत चालवली नव्हती. समया मात्र गेल्या.

त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला. कुलपाच्या खोक्यावर जे छापलेले असते त्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे नेमका कशावर ठेवायचा? हा प्रश्न आपल्याला नवा वाटला तरी पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्याच्यावर एक जाहीर खटलाच म्हणावा असा प्रकार लंडनमध्ये घडला होता. तो वाचताना मी इतका रंगलो, की चोरीचे दुःख थोडे बाजूला पडले. तोच आज सांगायचा आहे.

पण आधी एक गंमत, आपल्या भागातली. आपण ज्याला कुलूप म्हणतो तो शब्द अरबी-फारसीतून आला, 'कुफ्ल' या शब्दाची अक्षरे मागेपुढे होऊन. आणि 'चावी' हा शब्द पोर्तुगीज 'शाव्ह'पासून आला. म्हणजे कुलूप एका दर्यावरून आले आणि चावी दुसऱ्या! मराठीतच नव्हे, हिंदीतही ही चावी रुळली. पोर्तुगीजांनी आपल्याकडून काय नेले याचा हिशेब मोठा आहे, पण उत्तर हिंदुस्थानातला माणूसही घराची चावी शोधताना त्यांचा शब्द वापरतो हे मला नेहमी मजेशीर वाटते.

असो. आता लंडन.

अठराव्या शतकापर्यंत युरोपातली बहुतेक कुलपे नुसती दिसायला भक्कम होती. आत आडवेतिडवे पत्रे बसवलेले असत, म्हणजे चुकीची किल्ली त्यांना अडावी आणि योग्य खाचा असलेली किल्ली मधून फिरावी. चोराने काय करावे? किल्लीचे पाते कानशीने घासून घासून इतके बारीक करावे, की ते कशालाच अडणार नाही. झाले काम. कुलूप कितीही नक्षीदार असले तरी एक रोडकी किल्ली त्याला पुरत असे. १७७८ साली रॉबर्ट बॅरन नावाच्या इंग्रज कारागिराने यावर तोड काढली. त्याने कुलपात लिव्हर, म्हणजे उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या बसवल्या. किल्ली फिरली की या पट्ट्या वर उचलल्या जातात आणि त्यांच्यातल्या खाचा एका ओळीत आल्या तरच कुलपाची जीभ सरकते. पट्टी कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. माझ्या खोक्यावर जे 'सात लिव्हर' लिहिले होते त्यांचे मूळ हे. पितळेच्या सात पट्ट्या, एकीवर एक रचलेल्या.

त्यानंतर सहा वर्षांनी, १७८४ साली, जोसेफ ब्रॅमा याने आपले कुलूप पेटंट केले. हा मूळचा यॉर्कशरचा सुतार, आणि विलक्षण डोक्याचा माणूस. पाण्याच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक प्रेस त्याचाच. त्याच्या कुलपाची किल्ली चपटी नव्हती, लहानशा नळीसारखी होती. नळीच्या टोकाला कमीजास्त खोलीच्या खाचा. ती आत दाबली की आतल्या सरकपट्ट्या आपापल्या खोलीपर्यंत ढकलल्या जात आणि मगच फिरत. १७९० साली ब्रॅमाने एक खास कुलूप बनवून पिकॅडिलीतल्या आपल्या दुकानाच्या खिडकीत मांडले. त्यात अशा अठरा सरकपट्ट्या होत्या. सोबत पाटी, की जो कारागीर हे कुलूप किल्लीवाचून उघडण्याचे हत्यार बनवील त्याला जागच्या जागी २०० गिनी मिळतील. रक्कम त्या काळी जबरदस्त होती. कुलूप खिडकीत बसून राहिले. ब्रॅमा १८१४ साली वारला, मुलांनी धंदा चालवला, पाटी तशीच. म्हणजे दोन पिढ्या लंडनकर त्या खिडकीवरून गेले आणि मनाशी म्हणाले असतील, एवढी वर्षे कोणाला जमले नाही त्या अर्थी कुलूप अभेद्यच असणार!

दुसरे नाव चब. १८१७ साली पोर्टस्मथच्या सरकारी गोदीत खोट्या किल्ल्या वापरून चोरी झाली. सरकारने १०० पौंडांचे बक्षीस लावले, की स्वतःच्या किल्लीशिवाय उघडणार नाही असे कुलूप कोणी तरी बनवा. जेरेमाया चब याने १८१८ साली ते बनवले. त्याची करामत अशी होती, की चोराने चाचपडताना एखादी पट्टी जरुरीपेक्षा जास्त उचलली की एक स्प्रिंग तिला धरून ठेवायची आणि कुलूप आतून अडकून बसायचे. नंतर मालक आपली किल्ली लावायला गेला की त्याला लगेच कळायचे, कोणी तरी हात लावला होता. म्हणून नाव 'डिटेक्टर', म्हणजे चाहूल देणारे कुलूप. याचीही परीक्षा झाली. पोर्टस्मथच्या बंदरात कैद्यांची गलबते असत. त्यातला एक कैदी मूळचा कुलूपवाला होता. त्याला सांगितले गेले, की हे उघडलेस तर सरकारकडून माफी आणि चबकडून १०० पौंड. बिचारा दोन-तीन महिने खटपट करून हरला. यापेक्षा मोठी जाहिरात कोणती? जो माणूस स्वातंत्र्यासाठी उघडू शकला नाही, ते कुलूप घरफोड्या काय उघडणार?

इथे थोडे थांबावेसे वाटते. कारण दोन्ही दाव्यांमागे पुरावा होता. खोटे कोणी बोलत नव्हते. खिडकीतली पाटी खरी, कैद्याची गोष्ट खरी. पण पुरावा होता तो एवढाच, की आतापर्यंत ज्यांनी प्रयत्न केला त्यांना जमले नाही. किती जणांनी केला, कोणत्या दर्जाच्या माणसांनी केला, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. आमच्या कार्यालयात एखाद्या फायलीवर 'हरकत आलेली नाही' असा शेरा असतो तसेच हे. हरकत मागवली कोणाकडून, हे फाईल सांगत नाही.

मग १८५१ साल उजाडले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेचा राजवाडा उभा राहिला आणि १ मे रोजी ते जगप्रसिद्ध प्रदर्शन उघडले. साठ लाखांहून अधिक भेटी तिथे नोंदल्या गेल्या. त्यात आपल्या दृष्टीने मोठे आकर्षण कोहिनूर. लाहोरच्या गादीवरून तो १८४९ साली इंग्रजांकडे गेला होता, आणि प्रदर्शनात ज्या पिंजऱ्यात तो ठेवला होता तो बनवलेला होता चब कंपनीने. हिरा मूळ मालकाकडून घेताना कुलूप फोडायची गरजच पडली नव्हती, तहनाम्यात एक कलम पुरले. पण आता तो राखायला मात्र जगातले सर्वोत्तम कुलूप हवे होते!

याच प्रदर्शनात अमेरिकेच्या विभागात आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नावाचा माणूस आला होता. बॉस्टनचा, चाळिशीच्या आतला. न्यूयॉर्कच्या 'डे अँड न्यूएल' कंपनीचे कुलूप विकायला आलेला विक्रेता. विक्रीची त्याची पद्धत वेगळी होती. अमेरिकेत तो बँकांमध्ये जायचा, त्यांच्या तिजोरीचे कुलूप त्यांच्या डोळ्यांदेखत उघडून दाखवायचा आणि मग आपले पुढे करायचा. लंडनला येऊन त्याने जाहीर सांगितले, की तुमच्या इंग्लंडातली नावाजलेली कुलपे मी उघडू शकतो.

२२ जुलै १८५१. वेस्टमिन्स्टरमधल्या ग्रेट जॉर्ज स्ट्रीटवर ३४ नंबरच्या इमारतीत महत्त्वाचे कागद ठेवण्याची एक पक्की खोली होती, तिच्या लोखंडी दाराला चबचे कुलूप. साक्षीदारांसमोर हॉब्जने खिशातून दोन-तीन लहान हत्यारे काढली आणि २५ मिनिटांत ते उघडले. मग कोणी तरी म्हटले असेल, की आता ते अडकून बसले असणार, चाहूल लागणार. हॉब्जने सात मिनिटांत ते पुन्हा बंद करून दाखवले, चाहूल देणारी स्प्रिंग न हलवता. म्हणजे मालकाला कधी कळलेही नसते.

मग त्याने ब्रॅमाच्या खिडकीतल्या कुलपाला हात घातला. पंच नेमले गेले, अटी लिहिल्या गेल्या, तीस दिवसांची मुदत ठरली. हॉब्ज रोज थोडा थोडा वेळ बसायचा. मध्ये कंपनीने हरकती घेतल्या, काम थांबले, परत सुरू झाले. शेवटी ऑगस्टमध्ये, सोळा दिवसांत विभागलेल्या ५१ तासांच्या कामानंतर, ते कुलूप उघडले. साठ वर्षे खिडकीत मिरवलेली पाटी खाली आली. कंपनीने कुरकुरत २०० गिनी दिले. ते कुलूप आजही लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

हॉब्जने हे केले कसे? यात जादू काहीच नाही, आणि हेच मला या गोष्टीतले सर्वांत शिकण्यासारखे वाटते. कागदावर सगळ्या पट्ट्या सारख्या असतात. प्रत्यक्षात त्या माणसाने कानशीने घासलेल्या, त्यामुळे केसाएवढा फरक राहतोच. कुलपाची जीभ सरकवण्यासाठी हलका पण सततचा जोर लावून ठेवला, तर सगळ्या पट्ट्या एकदम आवळल्या जात नाहीत. एकच आधी आवळली जाते, जी केसभर पुढे आहे ती. बोटांना ते जाणवते. तिला तारेने हळूच हलवत नेले की खाच जुळते आणि जोर दुसरीवर जातो. मग तिसरी. ब्रॅमाच्या कुलपाला अठरा पट्ट्यांमुळे कोट्यवधी शक्यता होत्या, हिशेबी माणूस त्या आकड्यानेच दबून गेला असता. हॉब्जला कोट्यवधी शक्यता तपासायच्याच नव्हत्या. त्याने अठरा साधे प्रश्न एकामागून एक विचारले, आणि प्रत्येकाचे उत्तर कुलपानेच दिले.

इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. वर्तमानपत्रांतून वाद पेटला. ब्रॅमांचे म्हणणे, की कोणत्या चोराला सोळा दिवस मिळतात? कुलूप काढून फळीत घट्ट बसवून दिलेले, वर उजेड, शेजारी कोणी विचारणारे नाही. हे म्हणणे वावगे नव्हते. मी हॉब्जच्या बाजूचा असलो तरी मला वाटते, की ५१ तास टिकलेले कुलूप हे अपयशी कुलूप नव्हे. ते उत्तम कुलूप होते. फक्त पाटी चुकीची होती. 'हे उघडायला जगातल्या सर्वांत तरबेज माणसाला ५१ तास लागतील' अशी पाटी लावली असती तर ती आजतागायत खरी राहिली असती. पण तशी पाटी लावायला आधी कोणी तरी उघडून पाहावे लागते, आणि तेच तर धंदेवाल्यांना नको होते.

दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. असल्या गोष्टी जाहीर केल्या तर चोरांना शिकवणी मिळेल, असे पुष्कळ सभ्य लोक म्हणू लागले. १८५३ साली चार्ल्स टॉमलिन्सन यांच्या संपादनाखाली कुलपांच्या रचनेवर एक छोटे पुस्तक निघाले, हॉब्जच्या मदतीने. त्यात या आक्षेपाला उत्तर दिले आहे. थोडक्यात असे, की चोर आपल्या विद्येत आपल्याहून पुढेच असतात, त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. माहिती दडवल्याने अंधारात राहतो तो फक्त घरमालक.

हॉब्जचे काय झाले? त्याने लंडनमध्येच कारखाना काढला. पण १८५४ साली चबकडच्या एका कारागिराने हॉब्जचेच एक कुलूप उघडून हिशेब चुकता केला. ज्या न्यूएलच्या कुलपाची ऐट हॉब्ज लंडनमध्ये मिरवत होता, ते अमेरिकेत लायनस येल या तरुणाने त्याच दशकात उघडले. हॉब्ज १८६० साली अमेरिकेत परतला आणि पुढे आयुष्याची बरीच वर्षे त्याने बंदुकीच्या काडतुसांच्या कारखान्यात देखरेख करण्यात घालवली. कुलपे सोडून काडतुसे! त्याची लंडनची कंपनी पुढे १९५६ साली चबनेच विकत घेतली.

येलचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८६१ आणि १८६५ साली त्याने पेटंट घेतलेले लहान चपट्या किल्लीचे कुलूप आज जगभरच्या फ्लॅटांच्या दारांत आहे, कंपनी कोणतीही असो. आत स्प्रिंगवर बसलेल्या पिनांच्या जोड्या असतात. कल्पना नवी नव्हती, प्राचीन इजिप्तमधली लाकडी कुलपेही अशाच खुंट्यांवर चालत. आणि हॉब्जची युक्ती या कुलपालाही लागू पडते. त्याहून सोपी एक आहे, सगळ्या खाचा जास्तीत जास्त खोल कापलेली किल्ली आत घालून तिच्यावर हलकी टिचकी मारायची, म्हणजे पिना क्षणभर उडतात आणि तेवढ्यात किल्ली फिरवायची. कुलूपवाल्यांना हे अनेक दशके ठाऊक होते. २००५च्या सुमारास नेदरलँड्समधल्या कुलपे उघडण्याचा छंद असलेल्या मंडळींनी ते उघडपणे मांडले तेव्हा परत तोच ओरडा झाला, चोरांना शिकवता काय म्हणून. त्याआधी २००३ साली मॅट ब्लेझ या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने दाखवले, की ज्या इमारतीत सगळी दारे उघडणारी एक 'मास्टर' किल्ली असते, तिथे एका सामान्य खोलीची किल्ली आणि तिचे कुलूप हाताशी असलेला माणूस थोड्या कोऱ्या किल्ल्या घासून ती मास्टर किल्ली बनवू शकतो. काही कुलूपवाले रागावले. राग 'हे खोटे आहे' असा नव्हता, 'हे आम्हाला माहीत होते, तुम्ही बाहेर का सांगितलेत' असा होता.

आता आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात कुलूप म्हटले की अलिगढ. तिथे १८७० साली एका इंग्रज कंपनीने विलायतेहून कुलपे आणून विकायला सुरुवात केली आणि पुढे तिथेच बनवू लागली. आज तिथे घराघरातून हा धंदा चालतो. आणि मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना काढला. हे गृहस्थ मूळचे वकील. झांझिबारला एका खटल्यात अशिलाच्या बाजूने जे सिद्ध करायचे ते आपल्याला खरे वाटत नाही म्हणून त्यांनी वकिलीच सोडली. मग शस्त्रक्रियेची हत्यारे बनवू लागले, तर विकत घेणारी इंग्रज कंपनी त्यावर 'हिंदुस्थानात बनवलेले' असा शिक्का मारू देईना. तोही धंदा सोडला. वस्तूवर जे कोरायचे ते खरेच असले पाहिजे, या एका हट्टापायी दोन व्यवसाय सोडणारा माणूस शेवटी कुलपांकडे वळला, याची मला गंमत वाटते.

मग 'सात लिव्हर' या दाव्याचे काय? तो बहुधा खराच असतो, कुलूप कापून मोजता येतील. पण तो सांगतो आत काय घातले आहे. किती वेळ टिकेल ते सांगत नाही. सात ढिल्या पट्ट्यांपेक्षा पाच नेटक्या पट्ट्या बऱ्या, हे हॉब्जने दाखवलेच आहे. शिवाय किल्ल्यांचे वेगवेगळे नमुने किती, हाही प्रश्न असतो. मी नोकरीला लागलो त्या कार्यालयात लोखंडी कपाटांची एक ओळ होती. एकदा एका कपाटाची किल्ली हरवली म्हणून शिपायाने शेजारच्या कपाटाची लावून पाहिली, आणि उघडले! मग आम्ही सगळ्या किल्ल्या सगळ्या कपाटांना लावून पाहिल्या. निकाल इथे सांगत नाही, पण त्यानंतर महत्त्वाच्या फायली साहेबांच्या टेबलाच्या खणात गेल्या. त्या खणाला कुलूपच नव्हते.

मोजून केलेला दावा असतो का? असतो. अमेरिकेत तिजोऱ्यांवर 'टीएल-१५', 'टीएल-३०' असे शिक्के असतात. त्याचा अर्थ, तज्ज्ञ माणसांनी हत्यारे घेऊन दारावर हल्ला केला तेव्हा ते अनुक्रमे पंधरा किंवा तीस मिनिटे टिकले. हत्यार प्रत्यक्ष चालत असलेलीच मिनिटे धरायची. कुलपांसाठीही तिथे एक मानक आहे, त्यात किल्लीवाचून उघडायचा प्रयत्न दहा मिनिटे सोसावा लागतो. दहा मिनिटे फक्त! पहिल्यांदा वाचले तेव्हा मला हसू आले. मग वाटले, हॉब्जनंतर कोणाची तरी अक्कल ठिकाणावर आली म्हणायची. माझ्या म्हापशाच्या खोक्यावर मिनिटांचा उल्लेख कुठेच नव्हता.

जुन्या लोकांचा भरवसा कुलपावर कमी आणि माणसांच्या रचनेवर जास्त असे. पोर्तुगीज संस्थांतून तीन किल्ल्यांची पेटी ठेवायची पद्धत होती. तीन कुलपे, तीन किल्ल्या, तीन वेगळ्या माणसांकडे. तिघे एकत्र आल्याशिवाय पेटी उघडायची नाही. एकेक कुलूप साधेच असले तरी चालत होते, कारण तिथे कुलूप चोरासाठी नव्हतेच, किल्ली बाळगणाऱ्यांसाठी होते. आणि किल्ली बाळगणारा काय करू शकतो हे आपल्या गोव्याइतके कोणाला ठाऊक असणार? १९६१ साली मुक्तीच्या आधी इथल्या बांको नासियोनाल उल्त्रामारिनोमध्ये लोकांनी गहाण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला गेले. तिजोरी कोणी फोडली नाही. ज्यांच्या हाती किल्ली होती त्यांनीच उघडली, मोजदाद केली, पेट्या भरल्या. कुलपे सुस्थितीत! ते सोने परत यायला १९९१ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत कित्येक आज्या आपल्या पाटल्या न बघताच गेल्या.

माझ्या दाराचे सांगायचे राहिले. चोरीनंतर मी बाजारात जाऊन आणखी महाग कुलूप बघून आलो होतो, आठ लिव्हरचे. मेस्त चौकट बघायला आला तेव्हा त्याला ते आणू का म्हणून विचारले. त्याने जुने कुलूप हातात घेऊन दोनदा उघडझाप केली आणि म्हणाला, "कुलूप बरें आसा, बाब. चौकट कुसल्या." मग त्याने स्क्रू-ड्रायव्हरचे टोक चौकटीत खुपसून दाखवले, अर्धा इंच आत गेले, लोण्यात जावे तसे. पावसाची झड त्याच बाजूने येते. कोयंडा धरून होते ते इंचभर लांबीचे चार स्क्रू, तेही भुसभुशीत लाकडात. पहारीच्या एका हिसक्याचे काम. हॉब्जला पाहून चोराने मान खाली घालायचे कारण नाही. कुलपाकडे ढुंकूनही बघायचे नाही, हे त्याने हॉब्जपेक्षा लवकर ओळखले.

मेस्ताने माट्टीच्या लाकडाची नवी चौकट बसवली. कोयंडा आता आरपार बोल्टांवर आहे, नट आतल्या बाजूने. आतून अडसरही घालून दिला, जुन्या घरांत असायचा तसा, पण तो घरात माणूस असेल तेव्हाचा. खर्च कुलपाच्या किमतीच्या कितीतरी पट झाला. कुलूप तेच, सात लिव्हरचे. आई चवथीला आली तेव्हा देवापुढे शेजारच्या वयनीने दिलेली समई होती. आईने ती ओळखली, काही बोलली नाही, वात नीट केली.

कुलपाबरोबर तीन किल्ल्या आल्या होत्या. एक माझ्याकडे असते. दुसरी वयनीकडे दिली आहे, ती आठवड्यातून एकदा दार उघडून हवा खेळवते आणि संध्याकाळी पडवीतला दिवा लावते. तिसरी कुठे आहे ते इथे लिहीत नाही.